वद्य षष्ठीचं पाणी

कोल्हापुराला समुद्र नाही, हे मला कोणी सांगायला नको. तरीही माझी सारी नोकरी बंदरांत गेली असं मी म्हणतो, तेव्हा ओळखीचे लोक माझ्याकडे जरा जपून बघतात. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं की काय, असा त्यांचा चेहरा होतो. संपादकांनी 'तुमच्या धंद्यातले चार अनुभव लिहा' म्हणून गळ घातली, तेव्हा म्हटलं, एकदाचा खुलासा करून टाकावा. आणखीही एक गोष्ट आहे. ती इतक्या वर्षांत कोणाला सांगितली नाही. ती या खुलाशाच्या पोटात येईलच.

मागल्या महाराजांच्या कारकिर्दीत स्टेशनाजवळ नवी व्यापारी पेठ वसली. त्या पेठेत गुळाच्या एका पेढीवर मी पत्रव्यवहाराचा कारकून होतो. गूळ रेल्वेनं वर जाई तसा बैलगाड्यांनी खालीही जाई. गगनबावड्यापर्यंत चढ, तिथून घाट उतरून खारेपाटण, खारेपाटणला मचव्यात माल भरून खाडीनं विजयदुर्ग, आणि तिथून आगबोटीनं किंवा गलबतानं पुढे वेंगुर्ल्यापासून मुंबईपर्यंत. परतीला नारळ, सुपारी, मीठ आणि सुकी मासळी वर येई. या सगळ्या ठिकाणच्या अडत्यांना पत्रं लिहिणं आणि त्यांची पत्रं शेठजींना वाचून दाखवणं, हे माझं काम. समुद्र मी पाहिला नव्हता. खाडीही पाहिली नव्हती. पाण्यात उतरायचं ते पंचगंगेत, तेही गुडघाभर.

सुरुवातीची दोनतीन वर्षं मी निव्वळ अंदाजानं लिहीत होतो. 'उधाणाचे पाणी साधून माल चढवावा' असं पत्र आलं की मी ते तसंच खड्या आवाजात वाचायचो आणि शेठजी तितक्याच गंभीरपणे मान हलवायचे. उधाण म्हणजे काय, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि मलाही. विचारायचं कोणी, हा प्रश्न होता. पेढीचा दरारा असा की तिथं अज्ञान उघडं करणं म्हणजे धोतर सुटण्यासारखं.

आणि गंमत अशी की, गावात मी बंदरांचा जाणकार म्हणून प्रसिद्ध झालो. कोणाला मालवणला जायचं असलं, कोणाचा पाहुणा रत्नागिरीहून यायचा असला, की मंडळी चौकशीला पेढीवर येत. एक दरबारी गृहस्थ आले होते. सहकुटुंब मालवणला निघालेले. आगबोट किनाऱ्याला लागत नाही, ती लांब उभी राहते आणि माणसं पडावातून तिच्यापर्यंत न्यावी लागतात, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मग तिला जरा पुढं यायला लिहा की. आमच्या घरच्या माणसांना पाण्याची सवय न्हाय." मी लिहितो म्हटलं. कागलच्या एका गूळवाल्याचा माल खाडीत भिजला, तर तो तीन दिवस पेढीवर ठाण मांडून बसला. त्याचं म्हणणं एवढंच होतं की ओहोटी दुपारी येणार होती तर ती संध्याकाळी का आली, याचा जाब कोणीतरी द्यावा. मी त्याला दोनदा चहा पाजला. समुद्राच्या वतीनं मला तेवढंच करता येण्यासारखं होतं.

हे हसण्यावारी नेतो आहे, पण ते दिवस हसण्याचे नव्हते. प्लेगात माझी बायको गेली. मूलबाळ नव्हतं. आम्ही गावाबाहेर झोपडीत राहायला गेलो होतो, तिथून मी एकटाच परत आलो. घर सोडलं आणि शेठजींच्या परवानगीनं पेढीमागच्या खोलीत बिऱ्हाड केलं. दिवसभर पेठेत हमालांचा, गाडीवानांचा, दलालांचा इतका आरडाओरडा असे की आपण एकटे आहोत हे लक्षात राहत नसे. दिवेलागणीला पेठ रिकामी झाली की मात्र खोलीत जायला पाय उचलत नसत. मग मी ओट्यावर बसून उद्याची पत्रं आजच लिहून टाकायचो. पत्रं संपली की पंचांग उघडायचो. एकादशी कधी, ग्रहण कधी, सगळं पाठ होतं. माझ्या त्या पाठांतराचा मला पुढे फार ताठा झाला.

दाऊदचाचा पेढीवर आला तो याच काळात. मूळचा खारेपाटणचा, मचव्यावरचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या. शिडाचा दोर ओढताना खांदा निखळला तो नीट बसलाच नाही. सुकाणू धरता येईना, म्हणून गुळाच्या गाड्यांबरोबर घाट चढून वर आला, आमच्याकडे बारदान शिवायला लागला आणि गाडीवानांत राहून बोलीही त्यांचीच बोलू लागला. शिडं शिवणारा हात, त्याची टीप अशी पडे की गाडीवान पोतं नुसतं बघून म्हणत, "ह्ये चाचाचं हाय." त्याचीही बायको वारलेली. एकुलती एक मुलगी खतिजा, ती खारेपाटणला त्याच्या बहिणीकडे वाढली आणि तिथंच तिचं लग्न झालं. वर्षातून एकदा ईदेला तो खाली जाऊन तिला भेटून येई.

एकदा मी ओट्यावर पत्र वाचत होतो आणि 'भांग' या शब्दाशी अडलो. चाचा खाली बसून दाभणात सुतळी ओवत होता. त्यानं वर न बघता विचारलं, "पंत, तुमाला ठावं न्हाय न्हवं?"

मी पत्राची घडी घालू लागलो.

"लाजता कशापायी? मला तरी कुठं लिवायला येतंय?" म्हणाला आणि त्यानं सांगितलं. पुनवेला आणि अवसेला पाणी सगळ्यांत वर चढतं आणि सगळ्यांत खाली उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास पाणी धड चढत नाही आणि धड उतरत नाही, तो भांग. भांगात खाडीच्या वरच्या टोकाला पाणी पुरत नाही, भरलेला मचवा गाळात बसतो. म्हणून खारेपाटणची सगळी ये-जा उधाणाच्या बाजूबाजूनं उरकायची.

त्या दिवसापासून आमची शाळा सुरू झाली. संध्याकाळी पेठ रिकामी झाली की चाचा ओट्यावर येऊन बसे, मी वही उघडी. एकेक शब्द तो सांगे, मी उतरवून घेई. ओल्या बारदानाला घडी पाडून त्यानं मला खाडी दाखवली. "दर्या आपल्या घरात येतो, ती वाट म्हंजे खाडी," म्हणाला. खाडीकाठची खारी, चिखलाची जमीन ते खाजण. वाळूची ती पुळण. पाणी पार उतरून तळ दिसायला लागतो ती सुकती. मिठाचे वाफे असतात ते आगर. होडी लागते तो धक्का. 'बंदर' हा शब्द मी त्याला न विचारताच लिहिला होता, 'जहाजे लागण्याची जागा' असा. वाचून दाखवला तेव्हा तो दाभण थांबवून म्हणाला, "लागत्यात तशी सुटत्यात बी की. त्ये न्हाय लिवलं?" मी म्हटलं, ते त्यातच आलं. त्याला ते पटलं नाही, पण त्यानं वाद घातला नाही.

भरतीची वेळ काढायची रीतही त्यानंच शिकवली. तिथीला तिनानं गुणायचं आणि चारानं भागायचं. चतुर्थी असली की तीन वाजता खाडीच्या मुखाशी पूर्ण भरती. पहाटेही आणि दुपारीही. खारेपाटण मुखापासून बरंच आत, तिथं पाणी आणखी दीडदोन तासांनी चढणार. भरती भरली की पाणी फिरतं आणि त्या ओहोटीबरोबर मचवा खाली सुटतो. घड्याळ आणि इंग्रजी तारीख खाडीला कळत नाही. म्हणून बंदराच्या पत्रांत तिथीच लिहायची रीत होती आणि तिथीचा वार काढून गाड्या कधी जुंपायच्या हे मी सांगायचं. या कामात मी पटाईत झालो. पंचांग न उघडता बोटांवर मोजून वार सांगायचो. शेठजी पाहुण्यांसमोर माझ्याकडून ते करवून घेत.

अशी पाचसहा वर्षं गेली. संध्याकाळ झाली की मी चाचाची वाट बघू लागलो होतो, हे इथे स्वच्छ लिहितो. शब्द संपत आले होते. मी उगाच जुनेच पुन्हा विचारायचो आणि तोही जणू पहिल्यांदाच सांगतोय असा सांगायचा.

एका वर्षी चैत्र सरता सरता त्याच्या जावयाचं पत्र आलं. त्याला आफ्रिकेत नोकरी मिळाली होती आणि तो खतिजाला घेऊन जाणार होता. पावसाळ्यात आगबोटी बंद होतात, त्या नारळी पौर्णिमेनंतर सुटतात. म्हणून बंद होण्याआधीच्या शेवटच्या आगबोटीनं त्यांना मुंबई गाठायची होती. पत्रातलं वाक्य मला अजून पाठ आहे: 'वैशाख वद्य षष्ठीस सकाळच्या ओहोटीला मचवा सुटेल. पुढे भांग आहे, पाणी पुरणार नाही, सबब थांबता येणार नाही. अब्बांनी आदले दिवशी यावे.'

मी ते दोनदा वाचून दाखवलं. चाचानं पत्र हातात घेतलं, उलटं की सुलटं हे न बघता घडी करून छातीशी ठेवलं. मग म्हणाला, "आफ्रिकेसनं मानूस लवकर येत न्हाय, पंत." त्याचं वय साठीच्या पुढचं. ही भेट शेवटची, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं चांभाराकडे खतिजासाठी चपलांचा जोड करायला टाकला. तिच्या पावलाचं माप त्याच्याकडे सुतळीला गाठ मारून ठेवलेलं होतं.

कोल्हापूर ते खारेपाटण गाडीनं तीन दिवस. वैशाख वद्य द्वितीयेला रविवार होता. त्या दिवशी सकाळी आमच्या काही गाड्या घाटाकडे निघणार होत्या आणि बाकीच्या सोमवारी सकाळी. चाचा बोचकं बांधून, चपला त्यात खुपसून रविवारीच पेढीवर हजर झाला.

"उद्या जा की," मी म्हटलं. बोटं मोजली. "आज द्वितीया. सोमवारी तृतीया, मंगळवारी चतुर्थी, बुधवारी पंचमी, गुरुवारी षष्ठी. उद्या निघालास की बुधवारी संध्याकाळी पोचशील. एक रात्र लेकीजवळ मिळते."

तो ओट्याशी उभा राहिला. "मला पानी बुधवारचं वाटतंय. काल चांद उगवलेला बघितला मी. एक पाऊल म्होरं हाय त्यो."

"चंद्रावरून तिथी कळते होय, चाचा? माझं पंचांग पाठ आहे."

"तुमी शिकल्यालं मानूस," तो म्हणाला. "पर पानी मला ठावं हाय."

पंचांग मागच्या खोलीत फळीवर होतं. ओट्यापासून वीस पावलं. ते आणून उघडायला मला अडचण कसलीच नव्हती. मी उठलो नाही. ताठा होता हे खरं, पण तेवढंच खरं नाही. खाली गेल्यावर तो परत येईल की नाही, याची मला धास्ती वाटत होती. एक संध्याकाळ आणखी मिळाली तर मला हवी होती. बोटांवरचा हिशेब मला सोयीचा होता, म्हणून तो मला खरा वाटला. मी म्हटलं, "आज राहा. वहीतलं राहिलेलं उरकून टाकू."

त्यानं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग बोचकं ओट्यावर ठेवलं आणि म्हणाला, "बरं. ऱ्हातो."

त्या संध्याकाळी आम्ही वहीत एकही नवा शब्द लिहिला नाही. मी पिठलं-भाकरी केली, दोघं जेवलो. त्यानं खतिजाच्या लहानपणाच्या गोष्टी सांगितल्या. सोमवारी सकाळी तो गाडीत बसला आणि मी पेठेच्या टोकापर्यंत पोचवायला गेलो.

बुधवारी सकाळी पेढीवर पत्र लिहायला घेतलं. मथळ्याला तिथी घालताना, का कोण जाणे, मी पंचांग उघडलं. पंचमीचा क्षय होता. तिथी कधीकधी अशी गळते. एका सूर्योदयानंतर सुरू होते आणि दुसऱ्याच्या आत संपून जाते, तिला वारच मिळत नाही. मंगळवारी चतुर्थी, बुधवारी एकदम षष्ठी. मी घड्याळाकडे पाहिलं. सकाळचे नऊ वाजून गेले होते. खारेपाटणचं पाणी कधीच फिरलं होतं, आणि चाचाची गाडी त्या वेळी घाट उतरत असणार.

मी लेखणी ठेवली आणि मागच्या खोलीत जाऊन बसलो. शेठजींना डोकं दुखतं म्हणून सांगितलं. धावत जाण्यासारखं, निरोप धाडण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मला इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती आणि त्यानंतरही वाटली नाही.

आठवड्यानं गाड्या परत आल्या. गाडीवानाला मी आडून आडून विचारलं. तो सरळ बोलणारा माणूस. "मचवा सकाळीच गेलता, पंत," म्हणाला. "आमी सांजंला पोचलो तवा पानी पुन्ना चढलं हुतं, पर धक्का रिकामा. चाचा धक्क्यावर बसला. ऊठ म्हटलं तर उठंना. मग म्या बैलं सोडली."

"मला काही निरोप?"

"न्हाय की. काय बोललाच न्हाय."

पावसाळा सुरू झाला, घाट बंद पडला. नारळी पौर्णिमा झाली, गाड्या पुन्हा सुरू झाल्या, पण चाचा वर आला नाही. बहिणीकडेच राहिला असं कळलं. मी त्याला पत्र लिहिलं नाही. जन्मभर दुसऱ्यांची पत्रं लिहिली. 'माल भिजला', 'माणूस दगावला', असं सगळं बेधडक लिहिलं. हे एक पत्र जमलं नाही. चाचाला वाचता येत नव्हतं. माझी चूक गावातल्या कोणीतरी त्याला मोठ्यानं वाचून दाखवली असती. ही सबब मी वर्षानुवर्षं वापरली. तोवर वही पेटीत गेली होती, आणि संध्याकाळी मी पुन्हा उद्याची पत्रं आज लिहायला लागलो होतो.

पेढीतून निवृत्त झालो तोवर महाराज गेले होते आणि घाटातून मोटार धावू लागली होती. तीन दिवसांची वाट एका दिवसात. गेल्या फाल्गुनात एका सकाळी मी मनाशी ठरवलं आणि मोटारीत जाऊन बसलो. बरोबर वही घेतली आणि पंचांगही घेतलं. काय बोलायचं ते सगळ्या घाटभर घोकत होतो. 'चाचा, पंचमीचा क्षय होता. मी बघितलंच नाही.' एवढंच बोलायचं होतं.

खारेपाटणला उतरलो. पाणी अजून चढायचं होतं. शुद्ध तृतीया, मुखाशी सव्वादोन, म्हणजे इथे चारच्या सुमारास भरणार. दाऊद तांडेलाचं घर विचारलं, तर एका उतारवयाच्या गृहस्थानं मला ओसरीवर बसवलं. तो चाचाचा शेजारी, त्यानं शेवटची दोन वर्षं चाचाचं केलं होतं. चाचा जाऊन बराच काळ लोटला होता, हे त्यानं पाण्याचा तांब्या पुढे करत सांगितलं. खतिजा परत आली नाही. तिची पत्रं येत होती, मग तीही थांबली.

"चपला होत्या ना त्याच्याजवळ?" मी विचारलं.

"हय. लय दिवस खुंटयेर होत्यो. मागीर तेनाच माझ्या बायलेक दिल्यान. तिना झिजवल्यान."

मी ज्यासाठी आलो होतो ते सांगायला तोंड उघडलं. "त्याची मुलीशी चुकामूक झाली, ती..."

"ता सगळ्या गावाक म्हायत हा," तो मध्येच म्हणाला. "चाचा स्वतःच सांगी. मीच उशिरा भायर पडलंय, म्हणी. पाणी बुधवारचा हा, ता माका ठावक होता, म्हणी."

"ठाऊक होतं? मग राहिला का?"

शेजाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी कोण हे मी अजून सांगितलंच नव्हतं.

"कोल्हापुराक एक पंत होतो म्हणे. घरात एकटोच. एक दीस रव, म्हणालो. चाचा म्हणी, तेचो चेरो बघून माझ्यान उठवला नाय. मचवो थांबतलो, सांजच्या पाण्याक तरी थांबतलो, असा वाटला तेका."

मी त्याला म्हटलं, "तो पंत मी. तिथी मी चुकवली. पंचांग घरात होतं आणि मी उघडलं नाही." त्यानं रिकामा तांब्या उचलला. मग म्हणाला, "आता तेचा काय," आणि आत चहा सांगायला गेला.

चहा घेऊन मी धक्क्यावर गेलो. चारच्या सुमाराला पाणी भरलं, चाचानं सांगितलं होतं तसंच. काठाच्या वरच्या दगडापर्यंत चढलं आणि काही वेळ जागच्या जागी उभं राहिलं. माझ्या साऱ्या पत्रांतली खाडी ती हीच. मग एक काडी हळूच खालच्या बाजूला, समुद्राकडे, निघाली. मी वही काढून 'बंदर' उघडलं. 'जहाजे लागण्याची' याच्यापुढे 'व सुटण्याची' असं लिहिलं. ते ऐकायला जवळ कोणी नव्हतं, म्हणून मी स्वतःशीच मोठ्यानं वाचलं.